बेलभंडाऱ्याची सोडवणूक

बोरीच्या पलीकडच्या एका गावात महादेवाची पूजा बन्सीधर गुरवाकडे आहे. माणूस साधा, पण कान तिखट. देवाला सांगितलेलं गाऱ्हाणं आधी याच्या कानात, तिथून बायनाबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, आणि तिच्याकडून थेट नळावर.

निवडणूक आली की तिथं बेलभंडारा उचलायचा. पिंडीवरचं बेलाचं पान नि चिमूटभर हळद तळहातावर घेऊन ‘मत तुमालाच’ म्हणायचं. एकदा म्हटलं की फिरायचं नाही. यंदा सरपंच दिनकररावांनी गावाकडून शपथ घेतली, मागोमाग त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या सूर्यभानानंही. लोक भिडेचे, नाही कुणालाच म्हणवेना. मग एकेकाची झोप उडाली.

पहिली आली सविता. “बन्सीमामा, पोराला ताप हाय. दोन शपथा घेतल्या, तेच भोवायलंय.”

बन्सीधरच्या हाताशी अभिषेकाचं पाणी होतं, ते तिच्या तळहातावर ओतून म्हणाला, “जा, गेलं वाहून.”

ताप तसाही उतरायचाच होता. उतरला.

ती आली होती सोमवारी, म्हणून सोमवारच लागतो असं ठरलं. काळजीनं जेवली नव्हती, म्हणून उपास ठरला. कुणी ठरवलं? कुणीच नाही, नि साऱ्या गावानं. पुढच्या सोमवारी देवळाबाहेर ओळ लागली.

मतं सुटायला लागली तसे दोन दिवसांनी दिनकरराव देवळात आले. देवस्थानाचे अध्यक्षही तेच. देव नि ग्रामपंचायत एकाच खिशात.

“शपथ सोडवायचा अधिकार तुला कुणी दिला रे? ठेव किल्ली. उद्यापासून पूजेला दुसरा माणूस.”

“मी कुठं सोडवायलो मालक? पाणी सोडवायलंय.”

पण हात कमरेच्या किल्लीकडे गेलाच. बाप, आजा याच पिंडीला पाणी घालत गेले होते.

बायनाबाई पदर खोचून पुढं आली. “द्या हो किल्ली. पण मालक, उपसरपंच करतो म्हणून तुमी बी दोघांना बेल उचलून शब्द दिलाय म्हणं. दोघांच्या बायका नळावर आत्ताच मिरवायल्यात. ते नवा माणूस सोडवंल का?”

दिनकररावांनी इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आला. “बन्सीधर, पाणी हाय का थोडं?” हात पुढं झाला.

दोन थेंबांत मामला मिटला असता. बन्सीधरच्या तोंडून मात्र भलतंच निघालं. “आज बुधवार मालक. अन् तुमी जेवून आलात.”

“अरे, नियम तूच केला ना?”

बन्सीधरला खरंच आठवेना. “केला आसंल. पण मला न्हाई मोडता यायचा.”

सोमवारी दिनकरराव सविताच्या सासूमागं ओळीत उभे होते. म्हातारीनं वळून विचारलं, “च्या बी न्हाई ना घेतला?” त्यांनी जोरात मान हलवली. त्यांची पाळी आली तेव्हा मिशीतला बिस्किटाचा चुरा बन्सीधरला दिसला. किल्ली त्यानं कमरेला नीट खोचली आणि पाणी जरा जास्तच ओतलं.