पुढं बसायला माणूस हवा

आमच्या काळी हिंगणघाटला आगगाडीनं पोचणं सोपं होतं, खरी कसरत असायची ती स्टेशनापासून गावात पोचायची. गाव समोर दिसायचं, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांची धुराडी दिसायची, पण मधला रस्ता कापसाच्या हंगामात म्हणजे नुसता फुफाटा. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, ही लांब रांग, बाभळींच्या काट्यांना लटकलेला कापूस, आणि गावात शिरेपर्यंत माणूस भुवयांसकट पांढरा. शहाणी माणसं टांगा करायची. आमच्या घरात तोवर तेवढं शहाणं कुणी निघालं नव्हतं. आम्ही आपले पायी.

त्या दिवशी मात्र बाबांनी घरातून निघतानाच जाहीर केलं, "आज टांगा!" कारण मी मास्तरीण होणार होते. मुलींच्या शाळेतली एक बाई मध्येच सोडून गेली होती आणि तिच्या जागी माझी निवड झाली होती. पण हेडबाई कडक. पहिल्या दिवशी प्रार्थनेच्या घंटेआधी हजर नसलात तर वर्ग दुसऱ्या मुलीला देईन, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. ती दुसरी मुलगी हिंगणघाटचीच, शाळेच्या मागच्या गल्लीतली. आणि मी आमच्या आडगावाहून निघालेली, पॅसेंजर गाडीच्या भरवशावर! आईनं माझं एकुलतं एक पांढरं लुगडं नीळ घालून धुतलं होतं, रात्रभर उशाखाली दाबून त्याची इस्त्री केली होती. ते शाळेपर्यंत पांढरं राहावं म्हणून हा टांग्याचा थाट.

गाडी अर्थातच उशिरा आली. स्टेशनाबाहेर आलो तर सगळे टांगे भरून गेलेले, एकच उरला होता. टांगेवाले चाचा दाढी कुरवाळत उभे होते आणि मागच्या बैठकीवर एक बाई आधीच बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे काय, त्यांनी बैठक व्यापली होती. देह दणकट, गळ्यात ठसठशीत पुतळ्या, मांडीवर लेकीच्या घरून आणलेलं गाठोडं. मला पाहून त्या हसल्या, जराशा सरकल्या.

"ये वो माय, बस. कोन्या गावची?"

मी चढून बसले, गाव सांगितलं. त्यांनी शेंगदाण्याची मूठ माझ्या हातावर ठेवली आणि आमच्याकडचा ठरलेला पुढचा प्रश्न विचारला, "कोनाची पोरगी?"

बाबांनी खाली उभ्यानंच सांगितलं. आडनाव सांगितलं, आणि न विचारता पुढचंही सांगितलं, की दसऱ्याला आम्ही बौद्ध झालो. अगदी मान ताठ ठेवून सांगितलं. बाईंचं हसू तिथंच मावळलं. त्यांनी पदर आवरून मांडीखाली घेतला आणि बंड्यांकडे पाहत बसल्या. मीही कमी नव्हते. त्यांचे शेंगदाणे त्यांच्यादेखत कचाकचा खाऊन टाकले.

"चला जी, तुम्ही पुढं बसा," चाचा बाबांना म्हणाले.

आणि इथं बाबांनी घोटाळा केला. "मी येतो मागून पायी. पोरीले सोडा तुम्ही." दसऱ्यापासून बाबा कुणापुढं वाकत नव्हते, अंगणातून हाक मारली तर कुणाच्या कामाला जात नव्हते. पण गाडीत कुणी मोठ्या घरचं बसलेलं दिसलं की त्यांचे पाय आपोआप मागून चालायला लागत. जन्माची सवय! मला तिचा असा संताप यायचा म्हणून सांगू.

"बराबर हाय," बाई बंड्यांनाच म्हणाल्या. "पायी येऊ दे त्याइले."

चाचांनी बाईंकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग टांग्याच्या दांड्यांकडे. दांड्या आधीच वर उठल्या होत्या आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला काचत होता. टांग्याचं गणित साधं असतं. मागं वजन जास्त झालं की टांगा उलाल होतो, म्हणजे पुढून उचलला जातो. मग घोडं ओढणार काय, कपाळ!

"बाईजी, पुढं मानूस पाह्यजे," चाचा म्हणाले.

"मंग दुसरा कोनी पाहा."

"दुसरा कुठून आनू? गाडी तं गेली."

"मी एकटीच जातो. पूरा टांगा माहा."

"एकट्या?" चाचांनी आकाशाकडे बोट केलं. "मंग हा टांगा नाई राहात बाईजी, इमान होते. घोडा वर, आन् आपन सारे जमिनीवर!"

मला फस्सकन हसू आलं. बाई अशा काही वळल्या की टांगा खरोखरच हलला. तेवढ्यात गावाकडून एका जिनाचा भोंगा ऐकू आला आणि माझं हसू पळालं. मुली आता फाटकाशी जमत असतील. ती मागच्या गल्लीतली वेणी घालून तयारच बसली असेल.

"बाबा!" मी ओरडलेच. "बसता का मी उतरू? उतरली तं सरळ परत गावाले जातो, अन् आईले सांगतो का तुमच्या पायांपायी माही नोकरी गेली!"

बाबा टांग्याच्या पुढं आले. मग चपला झटकल्या आणि चाचांच्या शेजारी चढले. काठावरच बसले, पण बसले. दांड्या खाली आल्या, घोड्यानं सुस्कारा टाकला आणि आम्ही निघालो.

आता टांग्यात पुढच्यांची तोंडं गावाकडे, मागच्यांची स्टेशनाकडे. म्हणजे बाबा आणि त्या बाई एकमेकांना पाठ लावून, मध्ये एक फळी. बाई अंग चोरून बसायला बघत होत्या. पण अंग चोरायला मुळात ते थोडकं असावं लागतं, इतकं असून कसं चोरणार? प्रत्येक खड्ड्याला दोन्ही पाठी फळीवर आपटत. मला मोठी मजा वाटत होती, कान मात्र शाळेच्या घंटेकडे लागले होते.

पुढं रस्ता जरा चढतो. तिथं घोड्याचे पाय जमिनीवरून सुटायला लागले आणि दांड्या पुन्हा वर. चाचा ओरडले, "पुढं झुका जी, झुका!" बाबा झुकले. तरी आम्ही दोघी मागं घसरतच होतो. बाईंनी एका हातानं गाठोडं धरलं, दुसऱ्यानं माझा दंड.

"अजून झुका ना जी!" त्या किंचाळल्या. "अवो भाऊ, झुका ना! पडीन ना मी!"

बाबा घोड्याच्या शेपटीपर्यंत झुकले. चढ सरला. बाईंनी माझा दंड सोडला नाही, मीही सोडवून घेतला नाही. खोटं कशाला बोलू, मलाही आधार हवा होता.

शाळा दिसली. घंटा झाली नव्हती! बाबांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की टांगा थांबतो न थांबतो तोच त्यांनी पुढून टुणकन उडी मारली. जन्मात टांग्यात न बसलेल्या माणसाला कोण सांगणार, की मागचे उतरल्याशिवाय पुढच्यानं हलायचं नसतं? दांड्या आभाळाला लागल्या, घोडा खिंकाळला, आणि बाई, गाठोडं व मी, तिघं रस्त्यात. नीळ घातलेलं लुगडं धुळीत. मला रडूच फुटलं.

बाबा धावत आले. मला उठवलं. मग बाईंकडे हात पुढं केला आणि मध्येच थांबवला.

"पाहून काय राह्यले?" बाई डाफरल्या. "हात द्या ना!"

बाबांनी हात दिला. चाचांनी दुसरीकडून धरलं आणि दोघांनी मिळून त्यांना उभं केलं. बाई बदलल्या वगैरे मी म्हणणार नाही. गरज होती आणि हात जवळ होता, एवढंच. पण उभ्या राहिल्यावर त्यांनी आधी माझं लुगडं फटाफटा झटकलं. "जाय वो माय लवकर! रडत काऊन बसली?"

मी पळाले. शिपायाचा हात घंटेच्या दोरीला लागला होता आणि हेडबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"पडलात?"

"हो. टांग्यातून."

"पण वेळेत पडलात. पहिलीचा वर्ग डावीकडे." आणि मग, चष्म्यावरून बघत, "तरुण मुलगी, एकट्याच आलात?"

मी मागं वळले. बाईंना अजून बाजारापर्यंत जायचं होतं आणि पुढं माणसाशिवाय टांगा हलणार नव्हता. त्या मागं चढून बसल्या होत्या आणि मान वळवून बाबांना, "चला ना भाऊ, बसा लवकर," म्हणत होत्या. बाबा चढले, आणि या वेळी फळीला पाठ टेकवून ऐसपैस बसले.

घंटा झाली. ती थांबेपर्यंत मी थांबले, कारण मला हे सगळ्या शाळेला ऐकवायचं होतं. मग बोट दाखवून मोठ्यानं म्हणाले, "नाही. ते टांग्यात पुढं बसलेत ना, ते माझे वडील."