कडपा भिजल्या तेव्हा आम्ही शिडाच्या होडीत होतो

धान कापणीच्या दिवसांत माझं दुकान बंद असतं. गोंदियात मोटारपंप विकतो मी, आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक स्वतःच शेतात असतं. आम्ही दोघं नवराबायको फुलचूरला राहतो. शेत तिरोड्याच्या पुढे, गावी. कागदावर ते दोघा भावांचं आहे, पण वर्षभर चिखलात उभे राहतात मोठा भाऊ आणि वहिनी. मी कापणीपुरता जातो, मजुरांसोबत भारे वाहतो, बांधावर बसून भाकर खातो, आणि आपणही शेतकरीच आहोत असं मनाशी म्हणत परत येतो.

त्या वर्षी गेलो नाही.

बायको शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा पंपांचा सीझन असतो, दिवाळीच्या सुट्टीत धान. त्यामुळे आमचं फिरणं नागपूरच्या पुढे कधी गेलंच नाही. ती देवरीकडची, तलावाकाठी वाढलेली. समुद्र तिने मोबाइलमध्येच पाहिलेला. तिला नुसता समुद्र पाहायचा नव्हता. किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीतून जायचं, खाडी आली की गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, आणि एकदा तरी शिडाच्या होडीतून बेटावर जायचं, असं तिचं ठरलेलं होतं. दसऱ्याला आम्ही गाडी घेतली आणि ती म्हणाली, "आता काय सांगाल?"

मी गावी गेलो, भावाला विचारायला. खरं तर सांगायलाच. तो कोठ्यात गाईला चारा टाकत होता.

"जा ना गा," तो म्हणाला. "धान का पहिल्यांदा कापून राहिलो आमी?"

पण हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनी मात्र सुपातून मान वर करून म्हणाली, "घेऊन जा जी भाऊजी तिले. किती वर्साची मागून राहिली बिचारी."

मी वहिनीचं ऐकलं. भावाचं न पाहणं मला दिसलं होतं, ते मी बाजूला ठेवलं.

नागपूर, सोलापूर, कोल्हापूर करत आम्ही घाट उतरलो आणि मग रस्ता समुद्राच्या सोबतीने जाऊ लागला. एका वळणावर पाणी दिसलं तशी बायकोने माझा हात असा धरला की स्टेअरिंग हाललं. फेरीबोटीत मी गाडी इंच इंच चढवत होतो आणि ती खाली उतरून, "या, या, अजून या," म्हणत हसत होती. रोज एखादं गाव, एखादा किनारा. जेवताना ती माशाचे काटे काढून माझ्या ताटात ठेवायची. इतकी मोकळी मी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. रोज संध्याकाळी भावाला फोन करायचा असं मनात यायचं. एकदाच केला. कापणी झाली आहे, कडपा वाळत आहेत, एवढं तो म्हणाला. कापलेलं धान भारे बांधण्याआधी काही दिवस शेतातच आडवं पसरून ठेवतात, त्या कडपा. ऊन चांगलं असेल तर काळजी नसते.

मालवणच्या बाजूला ज्या घरी उतरलो होतो तिथल्या मालकांनी एका म्हाताऱ्या नावाड्याशी बोलून ठेवलं होतं. त्याची शिडाची होडी अजून चालती होती. सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. बायको चपला हातात घेऊन पाण्यात उतरली आणि मी सहज मोबाइल उघडला. गावच्या शेजाऱ्याने स्टेटसला व्हिडिओ ठेवला होता. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, घोट्याएवढं पाणी, त्यात तरंगणारं धान, वरून पाऊस. मागे मोहाचं झाड. ते झाड आमच्या बांधावरचं.

मी भावाला फोन लावला. उचलला नाही. वहिनीला लावला.

"काई नाई जी भाऊजी," ती ओरडून बोलत होती, कारण पावसाचा आवाजच तेवढा होता. "थोडासा आला आहे, जाईन. तुमी फिरा आरामात."

मागून भावाचा आवाज आला, "अव, फोन ठेव ना! भारा पकड तिकून!" आणि फोन बंद झाला.

इकडे आभाळ निळं, स्वच्छ. आमच्या भागात तो पाऊस बंगालच्या उपसागरातून आला होता, पलीकडच्या समुद्राचा. बायको लांबून हात हलवून बोलावत होती. म्हटलं, आत्ता सांगितलं तर हिचा दिवस गेला. इतक्या वर्षांनी आलेला. बेटावरून परत आल्यावर सांगू. मोबाइल खिशात टाकला आणि होडीत जाऊन बसलो.

"वारो बरो आसा," नावाडी म्हणाला आणि त्याने शीड वर ओढलं. कापड एकदा फडफडलं, मग फुगलं, आणि होडी आवाज न करता पुढे सरकली. बायकोने पाण्यात हात सोडला. बोटांनी पाणी कापलं जात होतं. "व्हिडिओ काढा ना माझा," ती म्हणाली. मी काढला. आज तो लावला की त्यात माझा श्वास ऐकू येतो, धावून आलेल्या माणसासारखा.

नावाड्याने विचारलं, तुम्ही खंयचे. बायकोने सांगितलं, गोंदियाचे, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाचे, पुढे छत्तीसगडच.

"थंय पिकता काय?"

"धान," ती म्हणाली. "म्हणजे भात."

"मगे आता कापणी झाली आसात."

"झाली," ती म्हणाली, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

बेट म्हणजे वाळूचा एक पट्टा, थोडे खडक आणि खुरटी झुडपं. नावाडी होडीपाशी थांबला, आम्ही दोघं चालत दुसऱ्या कडेला गेलो. तिथे मला राहवलं नाही.

"ऐक, गावी पाऊस सुरू आहे. आपल्या कडपा—"

"माहीत आहे," ती म्हणाली.

मला कळेना. ती वाळूवर बसली आणि सांगू लागली. पहाटे मी आंघोळीला गेलो होतो तेव्हा वहिनीचा फोन आला होता. मोठी ताडपत्री कुठे आहे, हे विचारायला. जूनमध्ये माझ्या पंपांच्या गोदामाचं छत गळत होतं म्हणून ती ताडपत्री मीच गावाहून आणली होती. कापणीला येताना आणतो म्हणालो होतो. मी गेलो नाही, आणि ताडपत्री फुलचूरच्या गोदामात घडी करून पडली होती, कुलपात. कुलपाची किल्ली माझ्या गाडीच्या किल्लीसोबत, माझ्या खिशात.

"मी सांगितलं तसं त्यांना," बायको म्हणाली. "त्या म्हणाल्या, भाऊजीले सांगू नको व, ते गाडी फिरवतीन."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगितलं मला?"

मी खिशातली किल्ली चाचपली.

मग तीच म्हणाली, "वहिनी म्हणाल्या म्हणून नाही गप्प राहिले मी. सांगितलं असतं तर आपण होडीत बसलो नसतो. आणि मला बसायचं होतं."

ती रडत नव्हती. समोर पाहत होती, आणि पाणी इतकं सुंदर होतं की त्याचाच राग यावा.

त्याच दुपारी आम्ही परत निघालो. पुढची ठरलेली गावं राहिली. वाटेत मुक्कामाला थांबलो तेवढंच, बाकी गाडीत आम्ही फारसं बोललो नाही. मी तिच्यावर रागावलो नव्हतो, तीही माझ्यावर नसावी. पण एकमेकांकडे पाहिलं की आपलंच तोंड दिसायचं. नागपूर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या कडपा दिसू लागल्या. पाऊस थांबला होता, चांगलं कडक ऊन होतं. तरीही आधी फुलचूरला जाऊन मी ती ताडपत्री गाडीत टाकली आणि मग गावी गेलो.

भाऊ शेतात कडपा उलटत होता. मी खांद्यावर ताडपत्री घेऊन बांधावर उभा.

"आता कायले आनली?" तो म्हणाला. "उन्ह पडून राहिली."

मी ती खाली ठेवली. त्याने एक लोंबी तोडून माझ्या हातात दिली. दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. सगळीकडे नाही, खोलगट बांध्यांमध्ये जास्त. वरच्या बांध्यांतले भारे त्या दोघांनी भर पावसात वाहून कोठ्यात नेले होते. पुढे मिलमध्ये त्या धानाचा तांदूळ काळपट निघाला आणि फार तुटला, आणि खालचं बरंचसं जनावरांनी खाल्लं.

"राग आला असेल," मी म्हणालो.

"आला होता. खोटं कायले बोलू? पान्यात उभा राहून शिव्या देल्या तुले. इच्यार तुह्या वहिनीले." त्याने पुन्हा वाकून कडप उलटली. "मंग काम होतं, विसरलो. उभा काऊन आहेस? तिकून लाग."

मी लागलो. बायकोही उतरली, वहिनीच्या बाजूला. सुट्टीला जोडून तिने शाळेत रजा घेतली होती. दोघी वाकून पुढे सरकत होत्या, तेव्हा वहिनीने विचारलेलं मी ऐकलं, "होडी लय हालते का व?"

बायको तिथेच बसली आणि रडू लागली.

"अव, रडतेस काऊन?" वहिनी घाबरली. "मी तं सादंच इचारून राहिली."

फेब्रुवारीत मी हट्टच धरला, भाऊ आणि वहिनीने समुद्रावर जायचंच. गाडी मी चालवतो म्हणालो. भाऊ हलला नाही. उन्हाळी धानाची रोवणी झाली होती आणि पाणी पाहायला माणूस पाहिजे होता. "तू पाहशीन का?" असं त्याने विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, आणि तो हसला. शेवटी बायकोने शाळेत रजा टाकली आणि गेल्या दोघी जावा, रेल्वेने. मी ते दिवस गावी भावासोबत राहिलो. आम्ही खिचडी करायचो, कधी ती बुडाला लागायची.

एके दुपारी बायकोने फोटो पाठवला. वहिनी होडीत बसलेली, दोन्ही हातांनी डोलकाठी धरलेली, डोळे गच्च मिटलेले, आणि तोंडभर हसू. मी मोबाइल भावाच्या हातात दिला. मला वाटलं होतं, हा फोटो त्याने पाहिला की मला जरा बरं वाटेल.

तो पुष्कळ वेळ पाहत राहिला.

"भेली आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "इतक्या वर्सात मी तिले कुठीच नेलं नाही गा."

मोबाइल परत देताना त्याचा चेहरा जसा झाला होता, तसा मी रोज आरशात पाहत होतो. तो उठला आणि पाणी पाहायला बांध्यांकडे निघाला. मी चप्पल घातली आणि त्याच्या मागे गेलो.