शाखेचं बारसं

व्हर्ना सावचुकनं अकरा वर्षांत आमच्या प्रकल्पात एकही नवी गोष्ट बांधली नाही. ती जुन्याचं बघायची. वाचनालयांसाठी आम्ही एक फुकटचा प्रोग्राम चालवतो. कोणीही वापरावा, कोणीही दुरुस्त करावा. नव्या आवृत्तीची एक शाखा, जुनीची दुसरी. नव्या शाखेवर नाव कमवायला झुंबड. जुनीवर व्हर्ना एकटी, कारण कॅनडात, मॅनिटोबातल्या ज्या गावच्या वाचनालयात ती काम करायची, तिथले संगणक नवी आवृत्ती उघडतानाच मान टाकत.

मार्चमध्ये जुनीतलं भोक तिलाच सापडलं. एका पत्त्यावर दोन कार्डं असली, तर एकाला दुसऱ्याची वर्षभराच्या पुस्तकांची यादी दिसत होती. दोन दिवसांत तिनं दुरुस्ती लिहिली. आवृत्ती तेवढी काढायची राहिली.

आणि तिथंच घोडं अडलं. शाखांना नावं आकड्यांची द्यावी की पक्ष्यांची, यावर सहा आठवडे आमची भांडणं चालली होती. नाव ठरेपर्यंत जुन्या शाखेवरून काहीही बाहेर काढायचं नाही, हा दीडशहाणा ठराव आमचाच.

मंगळवारच्या ऑनलाइन बैठकीत अध्यक्ष डर्क म्हणाला, "व्हर्ना, गुरुवारी ठरतंय की. दोन दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे?"

"माझ्याकडे एक बाई येते. नाव सांगणार नाही, गाव एवढंसं आहे. नवऱ्याला सोडायचं कसं, यावरची पुस्तकं ती कार्डावर घेते आणि माझ्याच खणात ठेवून जाते. घरी नेत नाही. परत जमा केली तरी यादीतून जात नाहीत."

"मग तुमच्यापुरतं तूच दुरुस्त करून टाक ना."

"आमचा मुख्य संगणक विनिपेगला आहे रे बाबा. तिथली माणसं अधिकृत आवृत्तीशिवाय काही चढवत नाहीत."

"पक्षी संपले तर पुढे मासे घेता येतील," मधेच ओरेगॉनची टॅम्सिन म्हणाली. त्यावर वीस मिनिटं गेली. खरंच वीस.

"पोर तापानं फणफणलंय," व्हर्ना म्हणाली, "आणि तुम्ही बारशाचं नाव शोधत बसा."

दोघंतिघं हसली. विषय गुरुवारवर ढकलायला नऊ हात वर झाले. त्यातला एक माझा. माझं सूप गार होत होतं, म्हणून. आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

बुधवारी त्या बाईच्या नवऱ्यानं मासेमारीचं पुस्तक शोधायला वाचनालयाच्या साइटवर स्वतःच्या कार्डाचं पान उघडलं. खाली बायकोची यादी होती.

गुरुवारी व्हर्नानं आवाज न चढवता सांगितलं. "सकाळी दोघं आली. तिचं कार्ड त्यानंच पुढे केलं, रद्द करा म्हणाला. ती मान खाली घालून उभी होती. मी रद्द केलं."

डर्कनं घसा साफ केला. "फार वाईट झालं. पण हे आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

"बरोबर आहे. चालू द्या तुमचं," ती म्हणाली, आणि पडद्यावरची तिची चौकट काळी झाली. ती परत कधी आली नाही.

पक्षी एकमतानं मंजूर झाले. विरोध करणारी गेलीच होती. जुन्या शाखेचं नाव टिटवी ठेवलं, आणि दहा मिनिटांत आवृत्ती बाहेर पडली. दुरुस्ती चोख आहे. त्या घरात आता कोणाची यादी कोणाला दिसत नाही. तसंही तिथं आता एकच कार्ड आहे.