दाराशी काढलेले बूट

सुट्टीत गाडीमागे जोडून न्यायच्या आमच्या कॅराव्हॅनवर वादळात माड पडला. छप्पर चेपलं, आत चिखल झाला. बायको म्हणाली, "भंगारात देऊन टाकू." मीही मान हलवली. सकाळपासून आम्ही दोघं चपलांसकटच आतबाहेर करत होतो.

दुपारी विम्याचा माणूस पाहणीला आला. चाकं, सांधे बघून झाल्यावर त्यानं दाराशी बूट काढले, मोजे त्यांत कोंबले.

"अहो, राहू द्या, आत नुसता चिखल आहे," मी म्हणालो.

"असू दे हो. घरात बूट घालून कसं जायचं?" म्हणत त्यानं सरळ चिखलात पाय ठेवला.

घर छपरामुळे होतं, अशी माझी समजूत होती. त्याच्या पायांना वेगळंच ठाऊक असावं.

तो गेल्यावर बायकोनं दाराशी चपला काढल्या. म्हणाली, "अहो, खराटा द्या जरा."