वायरीवरची चिकटपट्टी

माझा डॉक्टर भाऊ गेल्यापासून त्याचं पिनबॉलचं, म्हणजे बटणांनी चेंडू वर उडवत ठेवायच्या खेळाचं, यंत्र बंद होतं. आज दुरुस्त झालं नाही, तर भंगारात द्यायचं ठरलं होतं. इलेक्ट्रिशियन सावंतांनी झाकण उचललं आणि ते हसूच लागले.

"ताई, डॉक्टरांनी वायरीलाही मलमपट्टी केलीय!"

तुटलेल्या वायरीच्या जोडावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी होती, कडा नीट कापलेल्या. आतला जोड मात्र सुटलेला. माणूस हाताशी असेल त्यानेच सगळं बरं करू पाहतो. वाचनालयात काम करणारी मीही इतके दिवस दुःखाला पुस्तकंच लावत होते.

सावंतांनी जोड सोल्डर करून काळी टेप गुंडाळली. दिवे लागले. मी बटण दाबायला उशीर केला आणि चेंडू सरळ खाली गेला.

"डॉक्टर असते तर ओरडले असते," सावंत म्हणाले.

"ओरडू दे," म्हणत मी दुसरा चेंडू सोडला.