दोऱ्या आवळून ठेवलेल्या बॅगा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याने चुकांवर रागावू नये. तोंडाने सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

मी मांजरी गावाहून बसने शहरातल्या एका दुकानात कामाला जाते. डोंगरात चालायला जाणाऱ्यांना तिथे सामान भाड्याने मिळतं. आलेलं सामान धुणं, वाळवणं आणि पुढच्याची सॅक भरून देणं हे माझं काम. हिमालयात जाणारे सगळे उन्हाळ्यातच येतात. बाहेर अंगाची लाही होत असते आणि मी लोकरी टोप्या मोजत असते.

सॅकच्या तळाशी स्लीपिंग बॅग, म्हणजे पिसं भरलेली झोपायची पिशवी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. त्यावर आतले गरम कपडे, मग जाकीट. मोज्यांचा एक जोड फक्त झोपताना घालायचा, तो वेगळ्या पिशवीत कोरडा. एवढं मी लवकर शिकले. पण पिसांच्या बॅगा आतपर्यंत वाळवून सैल ठेवायच्या असतात, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वरून कोरड्या लागल्या म्हणून पहिल्या पावसाळ्यात मी अकराच्या अकरा बॅगा दाबून पिशव्यांत कोंबल्या आणि दोऱ्या आवळून फळीवर रचल्या. आई गोधड्या अशाच बांधायची.

"वा मावशी," मालक म्हणाले, "आज पहिल्यांदा हे दुकान वाटतंय." मला फार बरं वाटलं होतं.

एप्रिलमध्ये सोडल्या. पिसांची बॅग झटकली की भाकरीसारखी फुगते. चार फुगल्याच नाहीत. त्यातली एक खिडकीशी धरली तर मधोमध आरपार उजेड दिसला. पिसांचे गोळे होऊन कडेला गेले होते. नोकरी जाईल या भीतीने मी गप्प बसले. त्या चार मागे सारल्या आणि चांगल्या आधी देत राहिले.

मे महिन्यात आठ जण एकदम आले. चांगल्या सातच होत्या. रांगेत शेवटी एक मुलगी होती.

"मावशी, हातमोजे कशाला? घाम बघा किती येतोय."

"वर रात्री पाणी गोठतं," मालक म्हणाले. "हवा असेल तर पंखाही देतो भाड्याने."

सगळे हसले. मी तिच्या सॅकमध्ये एक जाड ब्लँकेट जास्तीचं घातलं. तिने ते काढून माझ्या हातात दिलं.

"एवढं वजन नको हो मावशी. बॅग आहे ना?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी नुसती मान हलवली.

बॅग परत करायला ती महिन्याने वडिलांबरोबर आली. हातात काठी होती. वर बर्फ पडला, रात्री ती गारठून असंबद्ध बोलायला लागली, तेव्हा सोबतच्यांनी तिला खाली आणलं. उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती. वडिलांनी बॅग काउंटरवर दाबून पाहिली.

"यात भरलंय काय? हवा?"

"बाबा, असू दे. ओले मोजे घालून झोपले मी. माझीच चूक." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशींनी कोरडे वेगळे दिले होते."

मी ब्लँकेटची घडी घालत राहिले. ती दोघं जिना उतरून गेल्यावर मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी जिन्याकडचं दार लोटून घेतलं.

"बाहेर कुठे बोलू नका," मग म्हणाले. "चार बॅगांचे पैसे पगारातून कापतो."

तिचा पत्ता दुकानाच्या रजिस्टरमध्ये होता. मी तो दोनदा कागदावर उतरवून घेतला आणि दोन्ही कागद फाडले.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. आता बॅगा खोलीभर दोरीवर सैल लटकतात. काल पगार देताना मालकांनी पहिल्यांदाच काही कापलं नाही.

"मावशी, फिटले सगळे पैसे."

मी पाकीट घेतलं आणि मान हलवली.