दहा मिनिटांची चिमूट

भर दुपारी लेकीचा घोळणा फुटला. सासूबाई कांदा फोडून धावत आल्या. "तिला हुंगायला दे, तिची मान मागे कर." मान मागे केली तर रक्त घशात उतरून ती ठसकली. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "मान पुढे झुकव. नाकाचा मऊ भाग चिमटीत धर. दहा मिनिटं सोडायचं नाही."

दहा मिनिटं एवढी लांब असतात? थांबलं का, म्हणून मी दोनदा चिमूट सोडून पाहिली, आणि दोन्ही वेळा पुन्हा धार लागली. माझ्या काळजीला धीर कसा तो नाही. खपली धरायच्या आत ती उचकटून बघते. लेकीच्या अभ्यासाचं, मैत्रिणींचंही मी हेच करते.

तिसऱ्यांदा धरलं तेव्हा ती गेंगाण्या आवाजात म्हणाली, "आई, आता बघू नकोस."